पट्टीवरचे लोगो, नोंद चौथी: अल्फा ते झी, ई टीव्ही ते कलर्स

जुन्या व्हीएचएस कॅसेटांवरच्या रेकॉर्डिंगमधून मराठी वाहिन्यांचे लोगो सोडवून पुन्हा आखायचे, असं हे काम. या खेपेच्या अकरा कॅसेटपैकी आठ संगणकावर उतरवून झाल्या. दोन अजून सिलिका जेलच्या डब्यात आहेत. एकीची पट्टी मधोमध चिकटली आहे, तिला तूर्त हात लावायचा नाही. सगळ्या ई-180, म्हणजे नेहमीच्या वेगाला तीन तास.

रेकॉर्डिंग बहुतेक 2000 ते 2006 मधलं. अल्फा टीव्ही मराठी 15 ऑगस्ट 1999 ला सुरू झालं, ई टीव्ही मराठी 9 जुलै 2000 ला. मार्च 2005 मध्ये अल्फाचं झी मराठी झालं. बांगला, पंजाबी, गुजराती अल्फाही तेव्हाच झी झाले. त्यामुळे कॅसेटवर काही लिहिलेलं नसलं, तरी नुसता पडद्याच्या कोपऱ्यातला अल्फा किंवा झीचा लोगो पाहून ती मार्च 2005 च्या अलीकडची की पलीकडची ते कळतं. ई टीव्ही मराठी हे नाव मार्च 2015 पर्यंत टिकलं, मग कलर्स मराठी आलं. पण नाव तेच म्हणून लोगोही तोच असं धरून चालू नये. तारीख हवी तर मधल्या जाहिराती आणि बातम्या नीट बघायच्या आणि पणजीत पाट्टोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात त्या दिवसांचं दैनिक काढून त्यातल्या कार्यक्रमांशी पडताळायचं.

बुरशीचं काय ते एकदाच सांगून टाकू. जुलैच्या हवेत इथे गोव्यात कपाटातली चप्पलसुद्धा पांढरी होते, कॅसेटची काय कथा. कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती चांगल्या व्हीसीआरमध्ये घालू नका; हेडवर, म्हणजे पट्टी वाचणाऱ्या भागावर, बसलेली बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. आधी हवाबंद डब्यात निळ्या सिलिका जेलसोबत दोन आठवडे ठेवा. जेल गुलाबी झालं की 120 अंशांवर दीड-दोन तास तापवून परत वापरता येतं. मग पाठचे पाच स्क्रू काढून पट्टी हाताने गुंडाळत, धागे न सुटणाऱ्या फडक्याला 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसायची. हेड मात्र आडवंच पुसा. वर-खाली घासलं की टोक तुटलंच.

उतरवणी: 720 बाय 576, सेकंदाला 25 फ्रेम, इंटरलेस्ड (एका फ्रेममध्ये एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रं, म्हणजे फील्ड) तशीच ठेवून, हफवाययूव्ही या काहीही न गमावता साठवणाऱ्या पद्धतीत. तासाला पंचवीस-तीस जीबी जातात. थेट एमपेगमध्ये घेतलं तर लोगोच्या कडेला चौकोनी किडे येतात, आणि आपल्याला नेमकी कडच हवी असते.

आता खरं काम. कोपऱ्यातला फिकट लोगो मागच्या चित्रात मिसळलेला असतो, तो सोडवायचा कसा? दोन क्षण शोधा: एकदा लोगोमागे पूर्ण काळं, एकदा पूर्ण पांढरं. फेड-आउटला काळं मिळतं, पांढऱ्यासाठी जाहिरातीची पाटी चालते, फक्त तिच्यावर लोगो असायला हवा. प्रत्येक पिक्सेलच्या उजेडाचा फरक काढा. व्हिडिओत पूर्ण काळं 16 आणि पूर्ण पांढरं 235 धरतात, म्हणून लोगो नसता तर तो 235 वजा 16, म्हणजे 219 आला असता. 131 आला तर मागचं चित्र 60 टक्के झिरपतंय आणि लोगो 40 टक्के अपारदर्शक आहे. काळ्यावरच्या वाचनातून 16 वजा करून 0.4 ने भागलं आणि परत 16 मिळवले की लोगोचा स्वतःचा उजेड हाती येतो.

एका फ्रेमवर हे करू नका. शंभर फ्रेमची सरासरी घेतली की मुंग्या दहाव्या हिश्शावर येतात. पहिल्या सरासरीत अक्षरांच्या रेघा दोन-तीन पिक्सेल जाड आल्या. कारण टीबीसी, म्हणजे ओळींची वेळ सरळ करणारं यंत्र, नव्हतं; प्रत्येक ओळ किंचित डावी-उजवीकडे सरकत होती. आता फील्ड वेगळे करून, प्रत्येक ओळ लोगोच्याच डाव्या कडेला टेकवून मग सरासरी घेतो. वेळ तिप्पट लागतो, पण इन्कस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आखायला बसल्यावर फरक डोळ्यांना दिसतो.

रंगावर मात्र विश्वास ठेवू नका. व्हीएचएसवर रंगाचा सर्वांत बारीक ठिपकाच बारा-पंधरा पिक्सेल रुंद असतो, आणि अख्खा लोगो जेमतेम साठ पिक्सेलचा. आकार फक्त उजेडातून घ्यायचा. रंग घ्यायचा तो पडदाभर आयडेंट, म्हणजे वाहिनीची ओळख दाखवणारी छोटी फीत, येतो तेव्हा, मोठ्या सपाट भागाच्या मध्यातून. फायलीतही आकार आणि रंग वेगळे ठेवलेत. एप्रिल 2024 मध्ये डीडी न्यूजचा लोगो लालचा भगवा झाला तेव्हा ही सोय पटली: नवीन चित्र नको, रंगाची एक ओळ बदलली की झालं.

फोंड्याच्या दोन कॅसेटांत लोगोच्या उजवीकडे फिकट जुळा भाऊ दिसतो. तो लोगोचा भाग नव्हे, केबलमधली सावली आहे. ती 13-14 पिक्सेल दूर पडते, म्हणजे एक मायक्रोसेकंद उशिरा; इतक्या वेळात सिग्नल केबलमधून साधारण 120 मीटर जाऊन परत येतो. खांबावरचा कुठला तरी जोड सैल होता, इतकंच. एका जुन्या संग्रहात अशीच सावली 'त्रिमितीय आवृत्ती' म्हणून आखलेली आहे.

मार्च 2005 च्या बदलाचा दिवस अजून एकाही कॅसेटवर सापडलेला नाही. डब्यातल्या दोनपैकी एकीवर 'गुढीपाडवा' लिहिलंय, साल नाही. तिचं जेल काल गुलाबी झालं.