वारा पडला की होडी घासते

बाबांची एंटरप्राइज ही शिडाची छोटी होडी आठ वर्षं कोथरूडला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली होती. सव्वातेरा फूट लांबी, मरीन प्लायचं अंग, निळी शिडं. 1956 साली जॅक होल्ट यांनी आखलेली ही होडी शिकणाऱ्यालाही सांभाळून घेते. मागच्या उन्हाळ्यात मी आणि धाकट्या भावानं ती पानशेतच्या पाण्यात उतरवली.

उतरवणं जमलं, पण रोज संध्याकाळी वर ओढणं जमेना. पानशेतचं पाणी खडकवासल्याला सोडलं जातं, तिथून पुण्याच्या नळांना आणि कालव्यांना. त्यामुळे मे महिन्यात काठ खूप आत सरकतो आणि मध्ये नुसता चिखल उरतो. नव्वद किलोच्या पुढचं ते अंग दोघांनी त्या चिखलातून कसं ओढायचं? म्हणून शनिवारची रात्र तिला पाण्यातच तरंगत्या बोयाला बांधून ठेवायचं ठरवलं. खाली काँक्रीटचा ठोकळा, त्याला साखळी, वर प्लॅस्टिकचा कॅन आणि कॅनला लोखंडी कडी. त्या कडीलाच मी दोर बांधला.

रविवारी सकाळी नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, अंगठ्याएवढ्या जागेतला रंग गेला होता. बोट फिरवलं तर प्लायचा वरचा पापुद्रा सुटून नखाला लागत होता, आत लाकूड ओलं. डोळ्यांत पाणी आलं. बाबा दरवर्षी गणपतीआधी तिला रंग द्यायचे.

काठावर जाळं दुरुस्त करत बसलेल्या मामांना मी म्हटलं, रात्री वारा फार असणार. ते म्हणाले, "ताई, वाऱ्यानं न्हाई घासत. वारा पडला की घासतंय."

अगदी बरोबर होतं त्यांचं. वारा असला की होडी नाळ वाऱ्याकडे करून मागे सरकते, दोर ताणलेला राहतो आणि बोया लांब राहतो. पहाटे वारा थांबला की दोर सैल पडतो, होडी तरंगत बोयावर येते आणि बारक्या लाटांवर कडी तासन् तास एकाच जागी घासत राहते.

लाकूड पुरतं वाळायला तीन आठवडे दिले. मग घासून, इपॉक्सी भरून, वर रंग. बांधणी मात्र सगळीच बदलली.

दोर आता कडीला नाही, थेट साखळीला आहे, फासात थिंबल (दोर झिजू नये म्हणून धातूची खोबण) घालून. कॅननं फक्त साखळी वर धरायची. मध्ये भोवरकडी आहे, नाहीतर होडी फिरते तशी साखळीला पीळ बसतो. शॅकलची, म्हणजे जोडकडीची, पिन स्टेनलेसच्या तारेनं बांधलीय. दोर नायलॉनचा, बारा मिलिमीटरचा, बोहरी आळीतून आणलेला. नायलॉन ताणतो, त्यामुळे हिसका होडीला कमी बसतो. पिवळ्या प्लॅस्टिकचा दोर स्वस्त मिळतो, पण तो उन्हात ठिसूळ होतो. दुसरं टोक छोट्या क्लीटवर (दोर अडकवायच्या खुंटीवर) न सोडता डोलकाठीच्या बुडाला बांधते, आणि नाळेवरून दोर जातो तिथे बागेच्या नळीचा हातभर तुकडा ओवलाय. सेंटरबोर्ड (पाण्यात खाली सोडायची मधली फळी) वर, सुकाणू काढून आत.

कॅनला आधी स्कूटरच्या जुन्या ट्यूबा गुंडाळल्या होत्या. त्यांचे काळे डाग पांढऱ्या रंगावर उठले. मग ताडपत्री शिवणाऱ्याकडून आत फोम घालून जाड कॅनव्हासचा अंगरखा शिवून घेतला. तो टिकलाय.

साखळीच्या लांबीचं कोडं अजून आहे. समुद्रात पाणी दिवसातून दोनदा चढतं-उतरतं, इथे वर्षातून एकदा, पण केवढं! भरल्या धरणाला पुरेल अशी साखळी मे महिन्यात तळाशी लोळते आणि होडी भलं मोठं वर्तुळ घेते. सध्या दर पंधरा दिवसांनी जाऊन शॅकल दोन-चार कड्या वर-खाली करते. ठोकळाही वाढवायचाय. काँक्रीट पाण्यात गेलं की शंभराचं साठच्या आसपासच भरतं, हे मी आधी धरलंच नव्हतं.

मागच्या रविवारी पहाटे मुद्दाम काठावर जाऊन बसले. पाणी अगदी निवांत होतं. होडी हळूच पुढे आली, कॅनव्हासला टेकली, मऊ आवाज झाला आणि परत मागे गेली. उजाडल्यावर वल्ही मारत गेले आणि नाळेवर हात फिरवला. रंग तसाच होता.