पाटल्या कुणाच्या, पावती कुणाची

"या पाटल्या तिने दिल्या नाहीत गं. द्यायला लावल्या."

आत्या सहज बोलून गेली आणि पुन्हा पितळी भांडी पोत्यात भरायला लागली. माझ्या हातात फोटो तसाच. आजीच्या माघारी साताऱ्याचं घर रिकामं करतोय, तर ट्रंकेच्या तळाशी हा निघाला.

१९६२. चीनचं युद्ध. शाळेचं पटांगण, टेबलावर तिरंगा, मागे 'राष्ट्रीय संरक्षण निधी'चा फलक. आजी तबकात पाटल्या ठेवतेय. शेजारी आजोबा, गावातली चार मोठी माणसं, सगळे ऐटीत कॅमेऱ्याकडे बघतायत. आजी तेवढी खाली, स्वतःच्या मनगटाकडे.

फोटोमागे पावती चिकटवलेली. नाव आजोबांचं. पाटल्या मात्र आजीच्या माहेरच्या!

तेव्हा देशभर बायकांनी अंगावरचं सोनं काढून दिलं, आणि कितीतरी जणींनी मनापासूनच दिलं असणार. यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले ते दिवस, महाराष्ट्र नुसता भारावलेला. पण ज्या घरात बाईला विचारायची पद्धतच नव्हती, तिथे त्या दिवशी तरी कुणी विचारलं असेल का?

पुढे जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं. चौदा कॅरेटच्या वर नवे दागिने घडवायला बंदी. म्हणजे तशाच पाटल्या पुन्हा करायचीही सोय उरली नाही.

भाऊ म्हणतोय, फ्रेम करून हॉलमध्ये लावू, खाली आजोबांचं नाव टाकू.

फ्रेम करूच. नाव कुणाचं टाकायचं, यावर आज जेवताना चांगलीच जुंपली. तुम्ही काय लिहिलं असतं?