बोनेटातली चिमणी

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट आहे आणि खरं सांगायचं तर यात माझीच चूक जास्त, म्हणून इतके दिवस कुणाला बोललो नव्हतो.

कोल्हापुरात माझं छोटं गॅरेज आहे, हाताखाली दोन पोरं. पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गावातले दूध संस्थेचे सेक्रेटरी आमचे जुने गिऱ्हाईक, त्यांची दहा-अकरा वर्षं झालेली छोटी पेट्रोल गाडी. माणसाचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. एक दिवस आले आणि म्हणाले, "मिस्त्री, बोनेटात चिमणी शिरलीया बघा. गाडी चालू केली की चिवचिव चिवचिव, सगळी गल्ली उठतीया." मी बोनेट उघडलं, गाडी चालू केली, एसी लावला, रेस दिली, तर काहीच नाही. दवाखान्याच्या दारात गेलं की दुखायचं थांबतं ना, तसलाच प्रकार.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. चिवचिव म्हणजे फॅन बेल्ट. (आम्ही अजून फॅन बेल्टच म्हणतो, खरं तर आता फॅनला वेगळी मोटर असते आणि हा पट्टा बॅटरी भरणारा अल्टरनेटर, इंजिन गार ठेवायला पाणी फिरवणारा वॉटर पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर फिरवतो.) पट्टा तसाही जुना झाला होता, सहा पीकेचा नवा घातला, सहा म्हणजे पट्ट्याच्या आतल्या बाजूच्या सहा उभ्या धारी आणि पीकेच्या पुढं पट्ट्यावर छापलेला आकडा म्हणजे मिलिमीटरमध्ये लांबी, जुना भंगाराच्या डब्यात टाकला आणि विषय संपला. पंधरा दिवस शांतता.

सोळाव्या दिवशी फोन, "चिमणी परत आली." मी टेन्शनर, म्हणजे पट्टा ताणून धरणारी पुली, हलवून बघितला, जरा ढिला वाटला, हो, फक्त वाटला, आणि बदलून टाकला. चौथ्या दिवशी परत फोन आणि ह्या वेळी चिमणी-बिमणी काही नाही, सरळ "मिस्त्री, पैसे गेले आणि आवाज हाय तिथंच." मधल्या काळात गावात कुणीतरी पट्ट्याला साबण लावायला सांगितलेलं, तेही करून झालं होतं. साबणानं दोन दिवस आवाज बंद होतो, मग त्यावर धूळ चिकटते आणि पट्टा अजून खराब होतो. पट्ट्यावर मारायचे स्प्रे मिळतात त्यांचाही मला तसाच राग आहे, आवाज दाबला म्हणजे रोग गेला नाही.

शेवटी म्हटलं गाडी रात्रभर माझ्याकडंच ठेवा. घर गॅरेजच्या मागंच आहे, पहाटे पाचला स्वेटर-कानटोपी घालून आलो, थंडी मरणाची, चावी फिरवली आणि लगेच चिवचिव! इतका आनंद झाला की काय सांगू, पहिल्यांदाच ऐकत होतो.

आणि ऐकल्या ऐकल्या कळलं की आपण आधीच चुकलो. पट्टा ढिला असला की लांब किंचाळतो, खास करून एसी-लाइट लावून रेस दिली की. हे तसं नव्हतं, तुटक तुटक, आणि रेस दिली की चिवचिव फक्त जलद व्हायची. लाइट, ब्लोअर, एसी सगळं लावलं तरी किंचाळी येईना. न्हाव्याकडं असते तसली पाण्याची फवारणीची बाटली घेतली, हात आणि बाही लांब ठेवून फिरत्या पट्ट्याच्या धारींवर जरासं पाणी मारलं. आवाज गायब. चार-पाच सेकंद झाले की परत सुरू. ढिला असता तर पाण्यानं उलट जास्त ओरडला असता. पाण्यानं गप्प बसतो म्हणजे पट्टा सरळ रेषेत धावत नाही, कुठंतरी तिरका शिरतोय. गाडी बंद करून पट्टाच उतरवला आणि नुसतं इंजिन अर्धा मिनिट चालवलं (जास्त चालवायचं नाही, वॉटर पंप बंद असतो), आवाज नाही. सगळ्या पुली हातानं फिरवल्या, बेअरिंग मऊ, कुठं खरखर नाही.

आता मला भंगाराचा डबा आठवला. पहिला पट्टा त्यातच होता, वरच्या कचऱ्याखाली. काढून बॅटरीच्या उजेडात धरला तर एका बाजूची कड उंदरानं कुरतडल्यासारखी, दोरे निघालेले, आणि दुसरी कड एकदम चांगली. पहिल्याच दिवशी हा पट्टा माझ्या हातात होता आणि मी बघितला नव्हता! पोरं यायच्या आत हे झालं एवढंच नशीब.

पट्टा परत चढवला, गाडी बंदच, आणि स्टीलची पट्टी क्रँकच्या पुलीवर (इंजिन फिरवतं ती मुख्य पुली) टेकवून अल्टरनेटरकडं धरली, तर अल्टरनेटरची पुली जवळजवळ तीन मिलिमीटर बाहेर. फूटभर अंतराला दीड मिलिमीटरच्या आसपास चालून जातं, इथं अंतर फुटापेक्षा कमी. धारी पुलीच्या खाचेत तिरक्या शिरायच्या, खाचेच्या भिंतीला अडकायच्या-सुटायच्या, ती चिवचिव. आणि पहाटेच का, तर गाडी चालू झाली की बॅटरी भरायला अल्टरनेटरवर ताण जास्त आणि रबर गार. शहरात येईपर्यंत बॅटरी भरलेली, पट्टा गरम, माझ्यासमोर गाडी शहाणी. नवा पट्टा लवचिक म्हणून पंधरा दिवस दम काढला असणार.

साडेसहाला फोन केला. "सेक्रेटरी, अल्टरनेटर कधी काढला होता काय?" पलीकडं कॅनचे आवाज, मग म्हणाले, "डायनॅमो व्हय? पावसाळ्यात गेलता की. एका वायरमनकडनं भरून घेतला, पुली बी बदलली म्हणालता त्यो." हे त्यांनी आधी सांगितलं नाही, कारण मी विचारलंच नव्हतं. आवाजाची केस आली की गाडीला शेवटचा हात कुणी आणि कशाला लावला हा पहिला प्रश्न, पोरांना मी स्वतः शिकवतो हे!

पुली दुसऱ्याच मॉडेलची निघाली, खाचा बरोबर सहा पण मागचा बॉस, म्हणजे मधला फुगीर भाग, जाड. बरोबर पुली मिळायला दोन दिवस लागणार होते म्हणून शिवाजी उद्यमनगरात ओळखीच्या लेथवाल्याकडं घेऊन गेलो, त्यानं व्हर्नियरनं दोनदा मोजलं आणि मागून अडीच मिलिमीटर फेसिंग मारून, म्हणजे तेवढं सपाट कापून, दिलं. बसवून मागं अल्टरनेटरच्या बॉडीला घासत नाही ना ते हातानं फिरवून बघितलं, पट्टी टेकवली, सरळ. गाडी अजून एक रात्र ठेवली, पहाटे पाचला परत कानटोपी. शांत.

मजुरी घेतली नाही, टेन्शनरचे पैसेही परत देत होतो. सेक्रेटरी म्हणाले, "पैसं ऱ्हाऊ द्या, पर माझा जुना टेन्शनर चांगला हुता न्हवं?" मी होय म्हटलं. तो कागदात गुंडाळून डिकीत ठेवला आणि म्हणाले, "मग असू दे माझ्याजवळ, तुम्ही परत बदलायला लागलासा तर लागंल."