मोडीतलं पितळ गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत

जुन्या घरगुती वस्तू घेऊन विकायच्या म्हटलं की सगळे आधी चोरबाजाराचं नाव काढतात. माझा बहुतेक माल मात्र तालुक्याच्या गावातल्या भांड्यांच्या दुकानांतून येतो. तिथे लोक जुनी तांब्या-पितळेची भांडी मोडीत देतात आणि त्या बदल्यात स्टीलची किंवा नवी भांडी नेतात. मोड वजनावर जाते. पानाचा चुना ठेवायचं चुनाळं असो की फुटका हंडा, काट्यावर दोन्ही सारखीच, आणि पुढे दोन्ही वितळवली जातात. दुकानदाराशी एकदा बोलून ठेवलं, मोडीच्या भावावर वीस-पंचवीस टक्के जास्त द्यायचं कबूल केलं, की तो आपल्यासाठी एक पोतं बाजूला ठेवतो. धनत्रयोदशीच्या आधीचे पंधरा दिवस आणि लग्नसराई, या दोन वेळांना मोड सर्वांत जास्त येते. तेव्हा आठवड्यातून दोनदा फेरी मारावी लागते. उशीर झाला तर पोतं भट्टीकडे गेलेलं असतं.

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथे माल आधीच निवडून आलेला असतो, म्हणून भाव चढा. पण कंदील, स्टोव्ह, कुलपं, तराजू असा लोखंडी आणि मिश्र माल तिथेच मिळतो. मुंबईच्या मटन स्ट्रीटवर, म्हणजे चोरबाजारात, मी खरेदीपेक्षा भावाचा अंदाज घ्यायला जास्त जाते.

पिशवीत पाच गोष्टी हव्यात: चुंबक, लटकता वजनकाटा, भिंग, बारीक बॅटरी आणि मऊ फडकं. चुंबक चिकटला की वस्तू लोखंडाची, वरून पितळेचा मुलामा. समईचा खांब पितळी आणि बैठकीच्या पोटात वजनासाठी शिसं किंवा सिमेंट भरलेलं, असंही दिसतं. म्हणून बैठक उलटी करून बघायचीच. त्यानंतर आवाज. वस्तू बोटाच्या टोकावर तोलून नखानं टिचकी मारायची. पितळ खणखणतं, कासं लांबपर्यंत घुमतं, आणि तडा असेल तर आवाज बद्द येतो. काशाची वाटी तळपाय घासायला आजही मागतात, पण कासं ठिसूळ असतं. काठावरचा केसाएवढा तडा डोळ्यांना दिसत नाही, कानाला कळतो.

नवी वस्तू जुनी करून विकणारेही भेटतात. अडकित्त्यात हे सर्रास होतं. खरोखर वापरलेल्या अडकित्त्याची झीज ठरावीक जागी असते: अंगठा जिथे टेकतो तिथे नक्षी गुळगुळीत, पात्याचा मधला भाग धार लावून लावून आत गेलेला, खिळ्याच्या भोवती थोडं ढिलं. आम्लात बुडवून काळा केलेला अडकित्ता सगळीकडे सारखाच काळा असतो आणि नक्षीच्या कडा बोटाला टोचतात. काय बघायचं ते डोळ्यांत बसवायला पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दोन-तीन तास घालवावेत. केळकरांनी अडकित्ते, दिवे, फण्या, कुलपं अशा रोजच्या वापरातल्याच वस्तू जमवल्या. तिथे शंभर अस्सल झिजा एकाच जागी बघायला मिळतात.

काळ ठरवणं हा मला या कामातला सर्वांत आनंदाचा भाग वाटतो. भांड्यावर टिंबांनी कोरलेलं नाव असतं, बरेचदा लग्नातल्या भेटीचं, आणि खाली साल. साल शके असेल तर त्यात ७८ मिळवायचे: शके १८७० म्हणजे इ. स. १९४८. साल नसेल तर इतर खुणा बघते. पत्र्याच्या डब्यावर किंवा जाहिरातीच्या पाटीवर किंमत ‘आण्यां’त असेल तर माल बहुधा १९५७च्या आधीचा, ‘नवे पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ या सात वर्षांतला, कारण १ जून १९६४पासून ‘नवे’ हा शब्द गळला. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर डबा १५ ऑगस्ट १९७२नंतरचा. नुसतं ‘पुणे २’ असेल तर बहुधा त्याआधीचा. धान्याच्या मापांचंही तसंच. मेट्रिक वजनमापं १९५८च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्यानं आली, म्हणून लिटरचा छाप असलेलं माप त्यानंतरचं. त्याआधीचा संच निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, पायली असा चढत जातो. पायलीपर्यंतची प्रत्येक पायरी दुप्पट, फक्त शेरावरून पायलीवर जाताना चौपट. मधली अधोली (अर्धी पायली) मिळाली तर संच खरा पूर्ण. सुटं मापटं दोन दिवसांत विकलं जातं. संचाला वर्ष लागतं, पण किंमत सुट्यांच्या बेरजेच्या दुप्पट येते. म्हणून सुटी मापं मी लगेच विकत नाही. एकाच घडणीची भावंडं मिळतात का, याची वाट बघते.

आता सफाई. इथेच बहुतेक माल बिघडतो, आणि बिघडवणारा आपणच असतो. समईवर तेलाची राप बसलेली असते. तिला घासायचं नाही. लिटरभर गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून अर्धा तास बुडवायची, मग जुन्या टूथब्रशनं हलक्या हातानं काढायची. (जर्मनचं भांडं चुकूनही या पाण्यात जाऊ देऊ नका. ॲल्युमिनियम काळं पडतं.) राप गेल्यावर चिंच: ५० ग्रॅम चिंच अर्धा लिटर पाण्यात उकळून, गाळून, थंड करून. तांब्याला दहा मिनिटं चालतात. पितळेला दोन-तीन मिनिटांच्या वर नाही. पितळेत जस्त असतं आणि आम्ल आधी जस्त खातं. ते गेलं की वर उरलेलं तांबं गुलाबी डागांसारखं दिसतं. रात्रभर चिंचेत ठेवलेल्या पितळी डब्यावर असे डाग पडले की नुसत्या पुसण्यानं जात नाहीत, घासूनच काढावे लागतात आणि घासताना कोरीव नावही जातं.

चिंचेनंतर साध्या पाण्यानं, मग लिटरला एक चमचा खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यानं, मग पुन्हा साध्या पाण्यानं धुते. ही मधली पायरी गाळली तर समईच्या पोकळ खांबात आम्ल राहतं आणि महिन्याभरानं आट्यांतून हिरवट पाझर येतो. पाझर गिऱ्हाइकाच्या घरी पोचल्यावर येतो, म्हणून जास्त वाईट. खांब उभे न ठेवता तिरके ठेवून दिवसभर उन्हात वाळवायचे. समईचे भाग सोडवताना प्रत्येक जोडाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधते. जुने आटे हातानं पाडलेले असतात, एका समईचं तबक दुसरीच्या खांबावर बसत नाही. जबरदस्ती केली की आटे मरतात.

चकाकी किती आणायची? माझं मत पक्कं आहे: अर्धी. उंचवटे उजळ, खाचांत काळेपणा शिल्लक. तसं ठेवलं की मठारकामाचे ठोके आणि कोरलेली अक्षरं उठून दिसतात. भांड्यांच्या दुकानातल्या बफिंगच्या चाकावर वस्तू दिली की ती पाच मिनिटांत नवी होते आणि तिची किंमत मोडीवर येते. वरून लाख किंवा वार्निश लावत नाही. ते पिवळं पडून सोलतं आणि खाली काळे ठिपके धरतात. त्याऐवजी मधमाश्यांचं मेण एक भाग आणि टर्पेंटाइन तीन भाग. मेण गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवायचं, गॅस बंद करून, खिडक्या उघडून मग टर्पेंटाइन मिसळायचं. फडक्यानं अगदी पातळ हात. दमट हवेत पावसाळाभर टिकतं.

लोखंडाचा नियम उलटा: पाणी नाही. अडकित्त्याचं पातं आणि कुलपं रॉकेलमध्ये दोन-तीन दिवस ठेवून पितळी तारेच्या ब्रशनं घासते, शेवटी शिलाई मशीनचं तेल. गंजलेल्या कुलपात किल्ली फिरवून बघायचा मोह होतो. किल्ली आत मोडली तर कुलपाची निम्मी किंमत गेली. लाकडी वस्तूंखाली पिठासारखा भुगा दिसला तर ती घरात न आणता प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडायची नाही, नाहीतर दव धरून लाकूड फुगतं.

पितळी स्टोव्हला मागणी असते, पण भाग पूर्ण हवेत: टाकी, पंप, बर्नर, निपल, हवा सोडायची चावी, तीन पाय, वरची जाळी. पंपाचा चामडी वॉशर वाळलेला असतो. तो रात्रभर तेलात भिजवला की पुन्हा हवा भरतो. थोडी हवा भरून जोडांवर साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे आले तर गळती. गळती नसली तरी मी ‘शोभेसाठी, पेटवू नये’ असंच लिहून विकते. कंदील ओगलेवाडीच्या कारखान्याचा ‘प्रभाकर’ असेल तर टाकीवरचं नाव शाबूत आहे का ते आधी बघा; गंज घालवताना तेच पुसलं जातं.

काही वस्तू मी घेतच नाही. कुलदैवतांचे टाक नाही, देवळाचं नाव असलेली घंटा किंवा समई नाही. हस्तिदंती फणी किंवा सांबराच्या शिंगाची मूठ नाही, कारण वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यांचा व्यापार गुन्हा आहे. शंभर वर्षं उलटलेल्या कारागिरीच्या वस्तूंना १९७२चा पुरावशेष कायदा लागतो: त्यांच्या विक्रीच्या धंद्याला परवाना हवा आणि खाजगी माणसाला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. अमेरिकेतून आजीसारखा पानाचा डबा मागणारे भेटतात. त्यांना १९५०-६०च्या दशकातला, साल कोरलेला डबा सुचवते. खप वाढावा म्हणून ‘शंभर वर्षं जुना’ असं लिहिणं म्हणूनच दुहेरी चूक.

किमतीचा हिशोब असा. समजा डबा १.२ किलोचा आणि मोडीचा भाव किलोला ५०० रुपये. म्हणजे मोड ६०० रुपये. मी ७५० देते, सफाई आणि बांधणीला २०० धरते, १,८०० सांगते, १,६००पर्यंत येते. फोटो सहा: समोरून, मागून, तळ, आतली बाजू, कोरलेली अक्षरं आणि दोष. अक्षरांसाठी उजेड खिडकीतून आडवा यायला हवा, समोरून पाडला तर ती दिसतच नाहीत. उंची सेंटिमीटरमध्ये, वजन ग्रॅममध्ये. पोचा असेल तर त्याला पोचाच म्हणायचं. वस्तू परत येण्याचं कारण बहुतेक वेळा पोचा नसतो, न सांगितलेला पोचा असतो.

बांधताना पितळेवर थेट वर्तमानपत्र नको, शाईचे ठसे उमटतात. रबरबँडही नको, त्यातल्या गंधकानं काळी रेघ पडते. आधी मलमल, मग बबल. कंदिलाची काच वेगळ्या डब्यात, आतून कापूस ठासून. सोबत एक चिठ्ठी असते: वस्तूचं नाव, ती कशासाठी वापरत, आणि स्वयंपाकाला घ्यायची असेल तर आधी कल्हई करा, आंबट ठेवू नका, कळकेल.