बार्शी रोडचं कुर्डुवाडी

कुर्डुवाडीच्या माहितीफलकासाठी चार ओळी लिहायच्या होत्या. काम अर्ध्या तासाचं, पण सोलापूरच्या ऑफिसात अख्खा दिवस एका सालावर गेला. साहेबांना १८६० हवं होतं, मुख्य लाइन सोलापुरात पोचली ते साल. साल जितकं जुनं तितका फलक भारदस्त, ही आपली खोड.

मी १८९७वर अडून बसलो, इथून बार्शीची छोटी लाइन सुरू झाली ते साल. त्याआधी इथलं स्टेशन होतं 'बार्शी रोड', म्हणजे बार्शीला जायचंय तर इथे उतरा आणि पुढचे वीसेक मैल बैलगाडीने. माल आला, चढला, गेला. इथे मुक्कामाला राहायचं कुणाला काय कारण?

ते कारण पुरवलं एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरच्या बार्शी लाइट रेल्वेने. तिचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. मुख्य लाइनचं १६७६, म्हणजे ब्रॉडगेज. डबा इकडचा तिकडे जाणं शक्यच नाही, प्रत्येक पोतं हमालाच्या पाठीवरूनच जाणार. कॅलथ्रॉपची खरी हुशारी वेगळीच: इंजिन असो की डबा, चाकांची जोडी ज्यावर बसते त्या एका अ‍ॅक्सलवर पाच टनच भार. त्यामुळे रूळ हलके, पूल हलके, खर्च कमी. पण चार अ‍ॅक्सलच्या डब्याला एकूण वीस टनच मिळतात, त्यातून डब्याचं स्वतःचं वजन वजा. पुढे ब्रॉडगेजवर बावीस टनी वाघिणी, म्हणजे मालडबे, आल्या. तसली एक रिकामी करायची तर क्विंटलची २२० पोती, आणि छोट्या लाइनचा एक डबा पुरतच नाही. दुसरा वेळेवर लागला नाही की वाघीण अडकली, फलाटावर थप्पी लागली. त्यात पाऊस आला की ताडपत्रीसाठी पळापळ. पोतं फाटलं, वजन घटलं, की भरपाई कुणी द्यायची यावर वाद. म्हणून मोजणारे, शिवणारे, उचलणारे, आणि त्यांना चहा पाजणारे. गाव वसलं ते या खोळंब्यावर.

पंढरपूर १९०६, लातूर १९११, मिरज १९२७. फाटे वाढले तसं जंक्शन वाढलं. १९५४ला लाइन सरकारकडे आली, आणि या शतकात सगळी ब्रॉडगेज झाली. आता वाघीण लातूरला थेट जाते, मालाची बदली संपली. हौशी लोक इंजिनांसाठी हळहळतात; हमालांबद्दल कुणी विचारत नाही.

फलकावर अखेर दोन्ही सालं गेली. १८६० मोठ्या अक्षरात.