दुकानदाराच्या तासाचा दर

ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास ब्रिटनचं सरकार पुढच्या एप्रिलसाठी किमान वेतनाचा आकडा जाहीर करतं, आणि त्या संध्याकाळपासून लेस्टरमधल्या माझ्या ओळखीच्या दुकानदारांचे फोन सुरू होतात. एप्रिल २०२५ पासून २१ वर्षं आणि त्यापुढच्या कामगाराला ताशी १२.२१ पौंड द्यावे लागत होते, एप्रिल २०२६ पासून १२.७१. फरक पन्नास पेन्सचा. तिकडे बसून वाचताना हा आकडा किरकोळ वाटेल. पण ज्याचं दुकान सकाळी सहा ते रात्री दहा आणि आठवड्याचे सातही दिवस उघडं असतं, त्याला हा फरक किती पडतो ते सांगते.

मी इथं छोट्या दुकानांचे हिशेब आणि पगारपत्रकं करते. शिकायला आले तेव्हा अशाच एका दुकानाच्या काउंटरवर कामही केलं आहे. हे मालक बहुतेक गुजराती. युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने १९७२ मध्ये तिथून आशियाई लोकांना हाकललं, तेव्हा आलेल्या कुटुंबांची ही दुसरी-तिसरी पिढी. ‘भाई’ आणि ‘बेन’ यापलीकडे कुणाला हाक मारायची वेळ येत नाही. दूध, ब्रेड, वर्तमानपत्रं, सिगारेट, लॉटरी, विजेच्या मीटरचं रिचार्ज, कोपऱ्यात पार्सलांचा ढीग, असं ते दुकान असतं. इथं त्याला कॉर्नर शॉप म्हणतात.

आपल्याकडे किमान वेतन राज्य ठरवतं, उद्योगानुसार, कुशल-अकुशल पाहून, महाराष्ट्रात तर परिमंडळानुसारही. किराणा दुकानातला मुलगा महिन्याच्या बोलीवर असतो. इथं प्रौढांसाठी सगळ्या देशाला एकच दर आणि तोही तासावर. १९९८ च्या कायद्याने तो आला आणि एप्रिल १९९९ मध्ये ३.६० पौंडांपासून सुरू झाला. एप्रिल २०१६ मध्ये ७.२० होता. सरकारने पुढे ठरवलं की हा दर देशातल्या मधल्या कमाईच्या (निम्मे कामगार जिच्या वर आणि निम्मे जिच्या खाली कमावतात तिच्या) दोन तृतीयांशांपर्यंत न्यायचा, आणि २०२४ पर्यंत तो तिथवर नेला. म्हणून गेल्या दहा वर्षांतली चढण इतकी उभी दिसते.

आता हिशेब. दिवसाचे सोळा तास, सात दिवस, म्हणजे आठवड्याचे ११२ तास काउंटरवर एक माणूस हवाच. २०१६ च्या दराने त्याचे आठवड्याला ८०६ पौंड व्हायचे. १२.७१ ने १,४२३ होतात. यात दुसरा माणूस धरलेला नाही, भरपगारी रजा धरलेली नाही, पेन्शनमधला मालकाचा वाटा धरलेला नाही. नुसती ताजी पन्नास पेन्सची वाढही वर्षाला २,९०० पौंडांच्या वर जाते.

‘मग भाव वाढवा की’, असं मला गावाकडून कुणी ना कुणी म्हणतंच. इथेच खरी अडचण आहे. दुकानातल्या कितीतरी पाकिटांवर कंपनीनेच भाव छापलेला असतो. तुम्हाला एमआरपी माहीत आहे, हे तसंच दिसतं, फक्त इथं ते कायद्याने सक्तीचं नाही. गिऱ्हाइकाला छापील भाव दिसला की विश्वास वाटतो म्हणून दुकानदारही तोच माल आणतो, आणि मग त्याच भावाला बांधला जातो. लॉटरीचं दोन पौंडांचं तिकीट विकलं की पाच टक्के कमिशन, म्हणजे दहा पेन्स. काउंटरवरच्या माणसाचा एक तास निव्वळ लॉटरीतून भागवायचा तर त्या तासात १२७ हून जास्त तिकिटं विकावी लागतील. सिगारेटवरचा नफाही असाच तुटपुंजा. उरतात ती छापील भाव नसलेली थोडी उत्पादनं, आणि ती दोन रस्ते सोडून सुपरमार्केटमध्ये स्वस्त मिळतात.

पूर्वी रविवार तरी छोट्या दुकानाचा होता. १९९४ च्या रविवार-व्यापार कायद्याने २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानाला इंग्लंडमध्ये रविवारी सहाच तास उघडं राहता येतं. छोट्याला वेळेचं बंधन नाही. मोठ्या साखळ्यांनी त्यावर सरळ तोड काढली, त्या मर्यादेत बसतील अशा छोट्या शाखा वस्तीवस्तीत काढल्या. त्यांच्याकडे ग्राहकाने स्वतःच बिल करायची यंत्रं आहेत. आमच्या भाईंना ती परवडत नाहीत, आणि परवडली तरी दारू-सिगारेटसाठी वय तपासायला माणूस लागतोच.

कमी वयाची मुलं ठेवावीत, तर १८ ते २० वर्षांच्यांचा दर १०.८५ आहे खरा. पण तोही एका वर्षात साडेआठ टक्क्यांनी वाढला, प्रौढांच्या दरापेक्षा वेगाने. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला काउंटरवर बसवलं तर दारूची प्रत्येक विक्री जबाबदार माणसाने मंजूर करावी लागते. म्हणजे शेजारी मोठं माणूस उभं ठेवायचंच. शिवाय मला हा मार्गच मान्य नाही. अठरा वर्षांच्या मुलीला घरभाडं कमी लागत नाही.

भाव बांधलेला, यंत्र महाग, मग हात कुठे जातो? तासांवर. कुणाला कामावरून काढल्याचं मी क्वचितच पाहिलं. पण चोवीस तासांच्या आठवड्याचे अठरा होतात, संध्याकाळी दोन माणसांच्या जागी एक उरतो. संध्याकाळची पाळी एकट्याने करणं इथं साधं नाही, दुकानातून माल उचलून सरळ चालते होणारे लोक वाढलेत. आणि कापलेले तास हवेत विरत नाहीत, ते मालक स्वतः उभा राहून भरून काढतो.

मला ज्याबद्दल लिहायचं होतं ते हेच आहे. किमान वेतनाचा कायदा कामगारासाठी आहे. स्वतःचा धंदा करणारा त्यात येत नाही. मालकाच्याच घरात राहून घरच्या धंद्यात हात देणारे घरातले लोकही त्यातून वगळलेले आहेत. त्यामुळे भाई पहाटे पाचला वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडतात, बेन दुपारी काउंटर सांभाळतात, मुलगा कॉलेजातून येऊन शेल्फवर माल भरतो, आणि हे तास कोणत्याच पगारपत्रकात दिसत नाहीत. एका दुकानाचा वर्षाचा नफा मी नवरा-बायकोच्या तासांनी भागून पाहिला. उत्तर त्यांच्याच नोकराच्या दरापेक्षा बरंच खाली आलं. बेन कागदाकडे बघून एवढंच म्हणाल्या, ‘हे आम्हाला ठाऊकच आहे.’ सांगली जिल्ह्यात आमचं किराणा दुकान होतं. आईने त्या दुकानात किती तास घातले, हे आमच्याही कोणत्या वहीत नव्हतं.

पण यावरून वेतनवाढ चुकीची, असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. याच लेस्टरमध्ये २०२० साली कपडे शिवणाऱ्या कारखान्यांची बातमी देशभर गाजली. कायद्याचा दर ८.७२ पौंड असताना ताशी साडेतीन-चार पौंडांवर माणसं राबवल्याचं तेव्हा उघड झालं. त्यांत आपल्या उपखंडातल्या बायका कितीतरी होत्या. दर कमी ठेवला की माणसाला कुठवर दाबलं जातं, हे या शहराने डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि कॉर्नर शॉपमध्ये येणारं गिऱ्हाईक कोण असतं? गोदामात, केअर होममध्ये, सफाईच्या कामावर याच दरावर राबणारी माणसं. त्यांच्या हातात चार पौंड जास्त आले तर त्यातले काही याच गल्ल्यात पडतात.

अर्थशास्त्रातला वादही एकतर्फी राहिलेला नाही. १९९२ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने किमान वेतन वाढवलं. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रुगर यांनी तिथल्या आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातल्या फास्ट फूड दुकानांची तुलना केली, तेव्हा नोकऱ्या घटल्याचं दिसलं नाही. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. इथला लो पे कमिशन हा आयोगही वाढीमुळे मोठ्या प्रमाणावर नोकऱ्या गेल्याचा ठोस पुरावा नसल्याचं सांगत आला आहे. मला ते खरं वाटतं. पण नोकऱ्या मोजताना मालकाच्या बिनपगारी तासांकडे कुणाचं लक्ष जात नाही.

आणखी एक गोष्ट आकड्यांत नीट दिसत नाही. दहा-बारा वर्षं एकाच दुकानात असलेली बाई, कुलपाची किल्ली तिच्याकडे, मालाची मागणी तीच नोंदवते. तिला नव्या मुलापेक्षा ताशी ऐंशी पेन्स जास्त मिळायचे. खालचा दर चढत गेला, मालकाला तिचा त्याच मापाने वाढवता आला नाही, आणि आता दोघांच्या पगारात दहा पेन्सचा फरक उरलाय. ती रागावली नाही, पण किल्ली परत दिली. तिचं बरोबरच होतं, असं माझं मत आहे.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये राष्ट्रीय विमा, म्हणजे कामगाराच्या पगारावर मालकाने सरकारकडे भरायचा वाटा, १३.८ वरून १५ टक्के झाला आणि तो वर्षाला ९,१०० ऐवजी ५,००० पौंडांच्या पगारापासूनच लागू झाला. पण त्याच वेळी छोट्या मालकांची वार्षिक सूट ५,००० वरून १०,५०० पौंडांवर नेली. तीन अर्धवेळ माणसं असलेल्या दुकानाचा सगळा विमा त्या सवलतीत बसतो. आमचे बरेच भाई त्यामुळे सावरले. दुसऱ्या बाजूला दुकानाच्या जागेवरच्या करातली सवलत एप्रिल २०२५ मध्येच ७५ वरून ४० टक्क्यांवर आणली गेली. मला विचाराल तर मदतीची जागा हीच आहे. पगार वाढू द्यावा आणि छोट्या दुकानाच्या जागेवरचा कर उतरवावा.

इकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींनो, आपला माणूस आहे म्हणून रोखीत कमी दराने काम करू नका. दुकान उघडण्याआधीची पंधरा मिनिटं आणि काम शिकण्याचे दिवसही पगाराचेच असतात. पगाराची पावती मागा. बुडवलेला पगार निघाला तर सरकार तो वसूल करतं, वर दुपटीपर्यंत दंड लावतं आणि मालकाचं नाव जाहीर करू शकतं. हे मी दुकानदारांनाही याच शब्दांत सांगते.

दर ठरवण्याआधी लो पे कमिशन दर वर्षी मालकांकडून आणि कामगारांकडून लेखी म्हणणं मागवतं. मोठ्या संघटना जाडजूड अहवाल धाडतात. कॉर्नर शॉपवाले लिहीत नाहीत, त्यांना वेळच नसतो. म्हणून हल्ली दुकान बंद झाल्यावर मी त्यांच्यासोबत बसून ते लिहून घेते. सुरुवात भाईंच्या आणि बेनच्या तासांपासून करते, कामगारांचे तास त्यानंतर.