सुळे आहेत का?

केनियातल्या त्सावोचे हत्ती लाल असतात. तिथल्या मातीत लोह भरपूर, आणि ती माती अंगावर उडवून घेणं हा हत्तींचा रोजचा उद्योग. विमानातून हत्तींची मोजणी करायला आलेला, राखाडी हत्ती शोधायची सवय असलेला नवखा निरीक्षक पहिल्या तासात हमखास फसतो, लाल वारुळं मोजतो आणि हत्ती सोडून देतो.

2022 च्या दुष्काळात मात्र शोधायला कष्ट पडत नव्हते. सलग पावसाळे कोरडे गेले होते, झुडपांवर पान नव्हतं, त्यामुळे सगळंच उघडं पडलं होतं. मोजणीच्या दृष्टीने याला ‘उत्तम दृश्यमानता’ म्हणतात. अहवालात तसं लिहिताना हात जड होतो.

त्या दिवशी उजाडता उजाडता व्होईच्या धावपट्टीवरून निघालो. आमच्या छोट्या सेसना विमानाचे पंख वर असतात, म्हणून खालचं मोकळं दिसतं. मी मागे उजवीकडे, खिडकी उघडी, कॅमेऱ्याचा पट्टा अंगाला बांधलेला, लेन्सचं हूड काढून ठेवलेलं (वारा ते ओढून नेतो) आणि जिभेखाली आलेपाकाची वडी. दहाच्या सुमारास जमीन तापली की विमान उसळ्या मारायला लागतं, त्याआधी काम उरकायचं. साधारण एक किलोमीटर अंतराच्या समांतर रेघांवर उडत जायचं आणि मोठा कळप दिसला की वळसा घेऊन फोटो काढायचे, कारण नुसत्या नजरेने मोजलेला कळप बहुधा कमीच भरतो. पिल्लं आयांच्या पोटाखाली असतात. हे फोटो दिसायला रटाळ. ना क्षितिज, ना आभाळ, नुसत्या पाठी. मला ते मनापासून आवडतात.

गलाना नदीच्या दक्षिणेला गिधाडं दिसली. “कार्कस, उजवीकडे,” पुढच्या सीटवरून आवाज आला. कार्कस म्हणजे मेलेला हत्ती. मरून किती दिवस झाले हे वरून बऱ्यापैकी सांगता येतं. जुन्या सांगाड्याभोवती गवत जळाल्यासारखा डाग असतो, त्याहून जुनी हाडं विखुरतात, राखाडी होतात. या हत्तिणीचं अंग अजून भरलेलं होतं, खालची जमीन ओली होती. म्हणजे ताजं.

रेडिओवर रेंजरांचा पहिला प्रश्न ठरलेला: सुळे आहेत का? सुळे जागेवर असतील तर बहुधा उपासमार किंवा आजार. चेहरा कापलेला असेल तर शिकार. याच त्सावोत 2014 मध्ये सटाओ नावाचा प्रचंड सुळ्यांचा हत्ती विषारी बाणाने मारला गेला, आणि चेहरा इतका तोडला होता की ओळख पटवायला वेळ लागला.

पहिल्या फेरीत डोकं वाळक्या फांद्यांमागे राहिलं. गिधाडांच्या थव्यावर घिरट्या घालणं कुठल्याच वैमानिकाला आवडत नाही, एखादं काचेवर आदळलं तर संपलंच. तरी त्याने काही न बोलता वर जाऊन दुसऱ्या बाजूने विमान आणलं, पंख कलता केला. मी शटर दाबून धरलं. मग स्क्रीनवर फोटो मोठा केला. सोंडेच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या रेघा.

“आहेत. दोन्ही.”

“आसांते,” वैमानिक स्वाहिलीत ‘धन्यवाद’ म्हणाला, आणि विमानात सगळ्यांचेच खांदे सैल झाले. खाली हत्तीण मरून पडलीय आणि आम्हाला हायसं वाटतंय! पण वाटलं खरं. ठिकाणाचे आकडे रेंजरांना दिले. दुसरं कोणी पोचायच्या आत त्यांनी जाऊन ते सुळे सरकारी कोठारात जमा करायचे असतात. विकायला नव्हे, 2016 मध्ये केनियाने नैरोबीत 105 टन हस्तिदंत जाळून टाकलं होतं.

2022 च्या फेब्रुवारी ते ऑक्टोबर या काळात केनियात दुष्काळाने 205 हत्ती गेल्याचं सरकारने जाहीर केलं. अशा आकड्यामागे असे रटाळ फोटो असतात, एकेक मृत्यू कोणत्या रकान्यात टाकायचा ते ठरवणारे.

पुढे एका मासिकाने दुष्काळावरच्या लेखासाठी फोटो मागितला, तेव्हा मी हाच पाठवला. उत्तर आलं, सूर्यास्ताचा एखादा मिळेल का? सूर्यास्ताला आम्ही उडत नाही, असं कळवलं.